ऑक्टोबरात निर्णय घेऊ नका

प्रश्न : माझे पती कृषी अभियंता आहेत. झांबियातील मकुशी भागातल्या एका मोठ्या खासगी शेतावर त्यांना सिंचन व्यवस्थापकाची नोकरी मिळाली आणि जुलैमध्ये मी दोन मुलांना घेऊन इथे आले. मुलगी दहा वर्षांची आहे, मुलगा चार वर्षांचा. सांगली जिल्ह्यातील एका दूध संघात मी हिशेबनीस होते, ती नोकरी सोडली. इथे डांबरी रस्ता घरापासून ३५ किलोमीटरवर आहे आणि सर्वांत जवळचे शेजारी सहा किलोमीटरवर. पती पहाटे पाचला जातात ते रात्री आठला परततात. वीज केव्हाही जाते. रात्रीच्या अंधाराची भीती वाटते. सापांची आणि मलेरियाची त्याहून अधिक. घरकामाला एक बाई येतात, परंतु ‘या लोकांवर विश्वास टाकू नका’ असे आम्हांला आल्या आल्या सांगण्यात आले. पती म्हणतात, सवय होईल. आई म्हणते, मुलांना घेऊन परत ये. मला दोन्ही पटत नाही. मी काय करावे?
— एक वाचक, मकुशी, झांबिया

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रावर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख आहे, आणि माझ्या दृष्टीने या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. माझी स्वतःची काही वर्षे झांबियाच्या याच मध्य प्रांतात गेली, त्यामुळे सांगते की ऑक्टोबर हा तिथला सर्वांत अवघड महिना असतो. एप्रिलनंतर पावसाचा थेंब पडलेला नसतो, रानात लागलेल्या आणि लावलेल्या वणव्यांचा धूर हवेत साचलेला असतो, उकाडा वाढत जातो आणि माणसे एकमेकांवर विनाकारण खेकसू लागतात. देशाची बहुतांश वीज पाण्यापासून तयार होत असल्याने कोरड्या दिवसांत विजेची ओढाताण अधिक जाणवते. २०२४ च्या दुष्काळात करिबा धरणाचे पाणी खाली गेले, तेव्हा तर लोकांनी दिवसाचा मोठा भाग अंधारात काढला. नोव्हेंबरात पाऊस लागला की आठवड्याभरात त्याच जागेचा नूर पालटतो. म्हणून माझी पहिली आणि ठाम सूचना अशी की, राहायचे की परतायचे हा निर्णय तुम्ही या महिन्यात घेऊ नका. एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा मे महिना पाहा, मग ठरवा. मात्र या मधल्या काळात काही गोष्टी तुम्हांला मिळाल्याच पाहिजेत, आणि त्या पतींच्या मर्जीवर न सोडता तुम्ही हक्काने मागायच्या आहेत.

पतींच्या वेळापत्रकाबद्दल आधी लिहिते, कारण त्याचा उलगडा झाल्याशिवाय बाकीचे बोलणे व्यर्थ आहे. मकुशीची मोठी शेते वर्षाला दोन पिके घेतात. पावसावर मका आणि सोयाबीन, आणि कोरड्या थंडीत सेंटर पिव्हटच्या, म्हणजे शेतात गोल फिरत पाणी फवारणाऱ्या लांब नळ्यांच्या, पाण्यावर गहू. गहू एप्रिलअखेर ते मे महिन्यात पेरला जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापला जातो; तो निघतो न निघतो तोच पहिल्या पावसावर मका आणि सोयाबीन पेरायचे असते. म्हणजे तुम्ही जुलैत पोहोचलात ते गहू पाण्यावर असताना, जेव्हा सिंचन व्यवस्थापकाला क्षणाची उसंत नसते, आणि त्यानंतर लगेच कापणी व पेरणीची गर्दी आली. तुम्ही उसाच्या पट्ट्यातल्या आहात, हंगाम म्हणजे काय ते तुम्हांला शिकवायला नको. परंतु तुमच्याकडे हंगाम संपतो. तिथे एक संपताना दुसरा सुरू झालेला असतो. ‘जरा सवड होऊ दे’ या आश्वासनाची वाट पाहत राहिलात, तर ती सवड येणार नाही. त्यामुळे पतींकडे सवड मागण्यापेक्षा वार मागा. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, बहुधा रविवार, दुपारपासून रात्रीपर्यंत, पंप बंद पडला तरी दुसरा कोणी जाईल अशी व्यवस्था लावून. एवढे मोठे शेत चालवणाऱ्या मालकाला हे जमवता येते.

‘सवय होईल’ हे त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. अंधाराची सवय होते, घुबडाच्या आवाजाची होते, पावसाळ्यात चिखलात गाडी रुतण्याचीही होते. दिवसभर मोठ्या माणसाशी एक शब्दही न बोलण्याची सवय होत नाही, आणि होऊही नये.

आता मलेरिया. तुमची भीती अनाठायी नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते. झांबियात आढळणारा मलेरिया प्रामुख्याने फाल्सिपॅरम जातीचा असतो. आपल्याकडे पुष्कळांना होणाऱ्या व्हायव्हॅक्सपेक्षा तो अधिक घातक, आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी विशेष धोक्याचा. तुमचा मुलगा त्याच वयाचा आहे. त्यामुळे घरातला नियम एकच असावा : ताप आला की त्याच दिवशी तपासणी. ‘उद्यापर्यंत बघू’, ‘दात येत असतील’, ‘ऊन लागले असेल’ या आपल्या घरगुती सवयी तिथे उपयोगाच्या नाहीत. बोटातल्या रक्ताच्या एका थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणाऱ्या तपासणी-पट्ट्या तिथल्या सरकारी दवाखान्यांत असतात. त्या घरीही आणून ठेवा आणि वापरायला परिचारिकेकडून नीट शिकून घ्या. पट्टी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचे. मूल गुंगीत जाऊ लागले, झटके आले किंवा पोटात काहीच ठरेना, तर पट्टीच्या निकालाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे. प्रतिबंधक गोळ्यांविषयी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या, कारण मुलांच्या वयावर आणि वजनावर औषध बदलते, आणि डॉक्सिसायक्लिनसारखे औषध आठ वर्षांखालील मुलांना सहसा देत नाहीत. औषधभारित मच्छरदाणी रोज रात्री लावायची, गादीखाली खोचायची. पावसाळ्याच्या तोंडावर घरांच्या भिंतींवर फवारणी करणारी पथके येतात, त्यांना भिंतींना डाग पडतात म्हणून परत पाठवू नका. आणि सुट्टीत सांगलीला गेल्यावर कोणाला ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की आम्ही झांबियाहून आलो आहोत.

सापांचे तितके अवघड नाही, पण शिस्त लागते. पफ ॲडर हा जाड, सुस्त साप वाटेवर पडून राहतो आणि पाय पडला की चावतो, म्हणून अंधारात बॅटरीशिवाय आणि बुटांशिवाय पाऊल टाकायचे नाही. थुंकणारा नाग डोळ्यांवर विष उडवतो. तसे झाल्यास डोळे चोळू न देता भरपूर पाण्याने बराच वेळ धुवायचे आणि दवाखान्यात जायचे. सरपणाचा ढीग भिंतीला लागून रचू नका. आपल्याकडची सर्पविषावरची लस आपल्याकडच्या सापांसाठी बनवलेली असते, ती तिथे चालत नाही. त्यामुळे आफ्रिकी सापांवरची लस जवळ कोणत्या रुग्णालयात मिळते हे पतींनी आधीच विचारून लिहून ठेवावे. धरणाच्या आणि सिंचनाच्या साठ्यातल्या संथ पाण्यात मुलांना उतरू देऊ नका. त्या पाण्यातल्या गोगलगायींमधून बिल्हार्झिया या रोगाचे जंतू पसरतात आणि अखंड कातडीतूनही शरीरात शिरतात.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. तुमच्याकडे येणाऱ्या बाई धुतलेला प्रत्येक कपडा इस्त्री करत असतील. मुलांचे मोजे, बनियन, पंचे, इतकेच काय, फडकीसुद्धा. वीज नसेल तर कोळशाची इस्त्री फुंकून करत असतील, आणि शिवणीवरून, इलॅस्टिकवरून ती दोनदा फिरवत असतील. हा टापटिपीचा हौसेचा भाग नाही. तिथे पुत्सी नावाची एक माशी असते. ती बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते, आणि तो कपडा तसाच अंगात घातला की अळी कातडीखाली शिरून फोडासारखी वाढते. इस्त्रीच्या उष्णतेने अंडी मरतात. (कधी असा फोड आलाच तर तो पिळू नका, फोडाच्या तोंडावर व्हॅसलीनचा जाड थर लावला की श्वासासाठी अळी वर येते आणि मग ती अलगद काढता येते. हे काम त्या बाईंना तुमच्यापेक्षा चांगले येत असेल.)

ज्या बाईंवर विश्वास ठेवू नका असे तुम्हांला सांगण्यात आले, त्या गेले तीन महिने तुमच्या मुलांची कातडी अशी राखत आहेत. हा सल्ला कोणी दिला ते तुम्ही लिहिलेले नाही, पण त्याची परंपरा मला माहीत आहे. मकुशीचा शेतपट्टा १९५० च्या दशकात, वसाहतीच्या काळात, गोऱ्या शेतकऱ्यांसाठी आखला गेला. देश १९६४ मध्ये स्वतंत्र झाला, २००० नंतर झिम्बाब्वेतून जमिनी गेलेले शेतकरीही तिथे आले, आणि अशा वस्त्यांत काही वाक्ये एका पिढीकडून दुसरीकडे घराच्या किल्ल्यांसारखी दिली जातात. आपण भारतीयांनी ती उचलून आपली म्हणून वापरण्याचे कारण नाही. कुलूप लावायच्या वस्तूंना कुलूप लावा, ते सांगलीतही लावत होतात. परंतु त्या बाईंशी कामाचे लेखी ठरवा, घरकामासाठी झांबियात किमान वेतनाचा सरकारी आदेश आहे तो पाळा, सुट्टी ठरवून द्या, आणि आजवर झाले नसेल तर त्यांच्याबरोबर बसून चहा घ्या. तुमच्याभोवती बोलणारी सर्वांत जवळची बाई शेजारच्या शेतावर नसून तुमच्या ओसरीवर आहे, हे तुमच्या पत्रात कुठे दिसले नाही म्हणून लिहिते.

तिथली रीत म्हणजे आधी विचारपूस, मग काम. ‘मुली शानी, मुक्वाई?’ असे बेम्बा भाषेत विचारायचे, उत्तर ऐकून घ्यायचे आणि मगच मुद्द्यावर यायचे. थेट काम सांगणे उद्धटपणाचे दिसते. वडीलधाऱ्यांना वस्तू देताना डावा हात उजव्या कोपराला लावतात. मुले असलेल्या बाईला बहुधा नावाने हाक मारत नाहीत, मुलाच्या नावाआधी ‘बाना’ लावतात. आपल्या गावांकडे ‘बाळूची आई’ म्हणतात तसे. तुम्हांला ‘मॅडम’ऐवजी तुमच्या लेकीच्या नावाने ‘बाना’ म्हणून हाक मारायला सांगा. आठ दिवसांत फरक जाणवेल.

स्वयंपाकाविषयी तुम्ही काही लिहिले नाही, पण तीन महिन्यांत डाळी आणि मसाल्यांचा साठा संपत आला असणार. लुसाका सुमारे तीनशे किलोमीटर आहे. तिथे भारतीय, मुख्यतः गुजराती, दुकानदारांची जुनी वस्ती आहे आणि किराणा मिळतो. तेवढ्यावर अवलंबून मात्र राहू नका. बेम्बा लोकांचे पारंपरिक धान्य नाचणी आहे. झाडांच्या फांद्या तोडून, जाळून, त्या राखेत ते नाचणी पेरतात. आपल्याकडे कोकणात आणि मावळात राब भाजतात त्याच्याशी नाते सांगणारी ही पद्धत. बाजारात ‘अमाले’ म्हणून विचारा आणि भाकरी थापा. भोपळ्याचा पाला, रताळ्याचा पाला आणि माठासारखी भाजी शेंगदाण्याच्या कुटात शिजवून ‘इफिसाशी’ करतात. मिरची-लसणाची फोडणी दिली तर तुमच्या सासूबाईंनाही ती परकी वाटणार नाही. मकुशीत मिळणाऱ्या पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे ‘उब्वाली’, मुले पाहता पाहता आवडीने खाऊ लागतील.

आता तुमच्या कामाकडे वळते, कारण माझ्या मते तुमच्या अस्वस्थतेचे मूळ साप आणि अंधार यांच्यापेक्षा तिथे आहे. काल-परवापर्यंत तुम्ही दूध संघाचे हिशेब तपासत होतात, सही करत होतात, चार माणसे तुमची वाट पाहत होती. तिथे तुम्ही कोणाच्या तरी पत्नी आहात, बस. शेतावर गोदाम असते, सुटे भाग, डिझेल, खते, मजुरांची हजेरी असते, आणि यांचे हिशेब बहुतेक ठिकाणी रडतखडत चाललेले असतात. पतींनी मालकाशी बोलून तुम्हांला त्या कामाची संधी मागावी, किंवा तुम्हीच मागावी. त्याआधी एक खबरदारी : तुमचा तिथला वास्तव्याचा परवाना पतींच्या परवान्याला जोडलेला असेल, तर पगार घेऊन काम करण्यासाठी वेगळी परवानगी लागू शकते. इमिग्रेशन विभागाकडे विचारल्याशिवाय एक क्वाचाही घेऊ नका. मोठ्या शेतांवर मजुरांच्या मुलांसाठी शाळा आणि लहानसा दवाखाना असतो. तिथेही हिशेब आणि नोंदी जाणणारी व्यक्ती हवीच असते.

परसबागही लावा, पण छंद म्हणून नको, नोंदवही ठेवून. कोरड्या महिन्यांत पाण्याची सोय असल्याने मेथी, कोथिंबीर, वांगी उत्तम येतील. जून-जुलैत पहाटे दव गोठण्याइतकी थंडी पडू शकते, तेव्हा कोवळी रोपे झाका. माकडांपासून राखण लागेल. बियाणे मात्र लुसाकातूनच घ्या. भारतातून पुडीत बांधून आणण्याचा मोह टाळा, वनस्पती तपासणीच्या दाखल्याशिवाय ते आणता येत नाही.

गाडी आणि फोन या दोन गोष्टींवर मात्र तडजोड नको. तुमच्याकडे दिवसभर एक चालू स्थितीतली, डिझेल भरलेली गाडी असली पाहिजे, आणि ती तुम्हांला चालवता आली पाहिजे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, तेव्हा शिकणे अवघड नाही. आधी शेताच्या रस्त्यांवर, मग पावसाच्या चिखलात कोणाला तरी शेजारी बसवून. ग्रेट नॉर्थ रोडवर मालमोटारींची सतत ये-जा असते, तिथे रात्री गाडी चालवायची नाही. मोबाइलला रेंज नसेल तर शेतावर वायरलेस संच असतोच, त्यातला एक घरात हवा. स्टारलिंकची सेवा झांबियात २०२३ पासून मिळते. मालकाने ती कार्यालयात घेतली असेल तर घरापर्यंत आणता येईल. या खेरीज पतींच्या करारात कुटुंबाचा वैद्यकीय विमा आणि गंभीर आजारात लुसाकाला हलवण्याची तरतूद आहे का ते स्वतः वाचून पाहा. ‘आहे म्हणाले’ यावर थांबू नका. हिशेबनीस बाईला हे मी सांगायला नको. या गोष्टी ख्रिसमसपर्यंत झाल्या नाहीत, तर मे महिन्याची वाट पाहण्याचे मी सुचवणार नाही. तेव्हा तुमच्या आईचा सल्ला बरोबर ठरेल, आणि परत जाण्यात कमीपणा काही नाही.

आईंना सध्या एवढेच सांगा की निर्णय मे महिन्यात होईल. रोज घाबऱ्याघुबऱ्या आवाजात रात्री फोन करण्याऐवजी सकाळी करा; झांबियाची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, तुमच्या सकाळी साडेसहाला सांगलीत दहा वाजलेले असतात. सकाळी दोन्हीकडची माणसे ताजी असतात आणि भीती कमी बोलली जाते. मकुशीत शेतकरी कुटुंबांचा क्लब आहे, तिथेही महिन्यातून एकदा जा. सगळी मंडळी तुमच्या पसंतीची नसतील, पण रस्ता कुठे खचला आहे आणि चांगला दंतवैद्य कोण, हे तिथेच कळते.

राहता राहिली मुलीची शाळा, आणि थांबता येणार नाही अशी तेवढी एकच गोष्ट आहे. झांबियाचे शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते आणि त्याची तीन सत्रे असतात. चेंगेलो ही निवासी शाळा मकुशीतच आहे. तिथल्या प्रवेशाची चौकशी याच आठवड्यात करा, नाहीतर पुढचे वर्ष हातचे जाईल. माझे मत विचाराल तर, नुकतीच मैत्रिणींपासून तुटलेली दहा वर्षांची मुलगी पहिल्याच वर्षी वसतिगृहात ठेवू नये. शनिवार-रविवार घरी आणता येत असेल तरच तो विचार करा, नाहीतर एक वर्ष घरीच शिकवा. त्या भागातली पुष्कळ शेतकरी कुटुंबे तेच करतात. दोन्हीपैकी काहीही ठरवलेत तरी ई-बालभारतीवरून तिच्या इयत्तेची मराठी आणि गणिताची पुस्तके उतरवून घ्या, ती विनामूल्य आहेत, आणि जुन्या शाळेचा दाखला मूळ प्रतीसह जपून ठेवा. मे महिन्यात परतायचे ठरले, तर जूनमध्ये सांगलीत तिला पुढच्या वर्गात बसता आले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे मकुशीहून मागवणे सोपे नसते.